बार

दारू घ्यायची ती दाणा बघून, अप्पा म्हणतात.
बारीक रव्यासारखी असली तर घाईत जळते,
जड शिशाला ती सोसत नाही.
आपल्याला हवी लापशीच्या रव्याएवढी,
आधी ऐकून घेणारी, मग बोलणारी.
परवान्यावरही शब्द तोच आहे, दारू.
शेजारच्या काटदऱ्यांनी एकदा दबक्या आवाजात विचारलं,
रोज संध्याकाळी? वैजूसुद्धा?

आमची बंदूक एका वेळी एकच गोळी घेते.
खालचा खटका ओढला की जबडा उघडतो,
एक घास, की मिटला.

तांबट आळीतून अप्पा खडकीच्या कारखान्यात गेले,
बत्तीस वर्षं पितळ ओढलं.
रिकाम्या पुंगळ्या ते अजून चिंचेच्या कोळात टाकतात,
आईच्या चिरलेल्या परातीत.
चकाकली की एकेक कानाशी धरून नखानं वाजवतात.
तडा असेल तर आवाज बसका येतो.

वजन माझ्याकडे.
रविवार पेठेतल्या सराफानं मोडीत काढलेला तराजू,
पंखा बंद, श्वास बंद.
मग हातभर लांब नळीतून सोडायची,
अभिषेकपात्राची धार धरावी तशी, न तोडता,
म्हणजे दाण्यावर दाणा आपण होऊन बसतो.
"पोकळी ठेवायची नाही," अप्पा बजावतात,
"दारू आणि शिसं यांच्यात हवा राहिली तर नळी फुगते.
बाकी कुठे असू दे पोकळी, इथे नको."
बाकी कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

वर पुठ्ठ्याची चकती लागते.
जाड, ओल न धरणारी, सगळीकडे एकसारखी.
वर्षभर अप्पांनी औषधांची खोकी कापली,
मिठाईची, बुटांची. जमेना.
गेल्या मार्गशीर्षात मीच माळ्यावरून गठ्ठा काढून दिला,
दोनशे दहा पत्रिका, सुतळीसकट.
चि. सौ. कां. वैजयंती आणि चि. श्रीरंग.
एकोणीस वर्षं कोरड्या.
तेव्हा जो तो म्हणायचा, यंदा बार उडवून टाका.
नाही उडाला.
तीन ओळींचं पत्र आलं होतं,
त्यातल्या दोन हवापाण्याच्या.

अप्पांनी एक पत्रिका अंगठ्याखाली वाकवून पाहिली.
"माल चांगला आहे," म्हणाले,
आणि चष्मा पुसायला बराच वेळ घेतला.
मग ओंडक्यावर ठेवून पोगर. ठक. ठक.
"श्रीकृपेकरून" मधला "कृपे",
"सहकुटुंब" मधला "कुटुं".
गणपतीला आधी नमस्कार केला,
तो चार चकत्यांत गेला.

रविवारी चांदमारीवर, पाषाणच्या टेकडीआड.
खांद्याला हिसका बसत नाही हिचा,
गर्दीत कुणी "सरा जरा" म्हणून ढकलावं तसं होतं.
मग पांढरा धूर, एवढा,
की नेम लागला की नाही
हे नेम धरणाऱ्यालाच सगळ्यात शेवटी कळतं.
कुजक्या अंड्यांचा वास. अप्पांना आवडतो.

दोन गोळ्यांच्या मधे नळीत फुंकर घालायची असते,
लांब, दमट, तीनदा,
म्हणजे आतली काजळी मऊ राहते.
अप्पांचा दम आता पुरत नाही.
मी फुंकते.

पंधरा पावलांवर गवतात एक चकती सापडली,
कड जळलेली, अजून ऊन.
मुहूर्ताच्या ओळीतली.
"वाजून ४१" एवढंच.
अप्पांनी ती लांब धरली, जवळ धरली.
"किती वाजून?"
"तेवढं जळलं, अप्पा."
ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

चला, घरी जाऊन नळीत उकळतं पाणी ओतायचंय,
काळं येणं थांबेपर्यंत.
आज आळस केला तर उद्या गंज.
आणि गठ्ठ्यात अजून दोनशे सात आहेत.